टाकीवरचं फूल

आमच्या घरात रंगाचा विषय वर्षातून एकदाच निघतो. दसऱ्याच्या सुमारास सौ. भिंतीकडे बघून एक सुस्कारा टाकते, मी खर्चाचा अंदाज काढून दुसरा टाकतो आणि 'यंदा राहू द्या' यावर उभयतांचं एकमत होऊन विषय मिटतो. अशा या घरात गेल्या उन्हाळ्यात माझा पुतण्या पुण्याहून आला आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत म्हणाला, "काका, बाबांची येझदी रंगवून घ्यायची म्हणतोय. सायकेडेलिक."

"सायकलला काय झालं?" सौ.नं स्वयंपाकघरातून विचारलं.

"सायकल नव्हे काकू, सायकेडेलिक! साठ-सत्तरच्या दशकात तिकडे अमेरिकेत हिप्पी लोक रंगवायचे ना, तसं. भगभगीत रंग, फुलं, ज्वाळा, डोळे, वेटोळी. रेट्रो!" असं म्हणून त्यानं फोन माझ्या नाकापुढे धरला. फोनमध्ये एक मोटरसायकल होती. म्हणजे असावी, कारण दोन टोकांना दोन चाकं दिसत होती. मधल्या भागात कुणीतरी होळी, रंगपंचमी आणि दिवाळी एकाच दिवशी उरकून घेतली होती.

"हे कुणी मुद्दाम केलंय?" मी विचारलं.

या येझदीबद्दल आधी सांगायला हवं. ती माझ्या थोरल्या भावाची, दादाची. १९७९ साली घेतलेली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात या गाड्या १९९६ पर्यंत निघत होत्या. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. उलट किक मारायची आणि गिअर टाकायची दांडी मात्र एकच. सरकारी खात्यात कामाची वाटणी असते, तशातला प्रकार. दादा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून ती आमच्या सांगलीच्या घरी जिन्याखाली उभी आहे. दर रविवारी मी तिच्यावरून फडकं फिरवतो आणि कुणी बघत नाही असं पाहून एकदा किकवर पाय ठेवून उतरतो. रंग काळा. काळ्यावर काळा, मडगार्डही काळं. आमच्या अण्णांच्या घरात शोभेल असाच.

आता गाडी त्याच्या बापाची. मी कोण नाही म्हणणारा? पण मी बँकेत छत्तीस वर्षं काढली आहेत. आधीचे कागद बघितल्याशिवाय बँकेतल्या माणसाची सही होत नाही. तेव्हा पुतण्याला म्हटलं, "आठ दिवस दे. हे काय प्रकरण आहे ते जरा बघतो." आणि वाचनालयातून, पुतण्याच्या फोनमधून आणि मिळेल तिथून मी या रंगांचा इतिहास गोळा करायला बसलो.

पहिला धक्का असा बसला, की सौ. बरोबर होती. या प्रकरणाची सुरुवात खरोखरच एका सायकलपासून झाली आहे.

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, सँडोझ नावाच्या औषध कंपनीत आल्बर्ट हॉफमन नावाचा एक सज्जन रसायनशास्त्रज्ञ नोकरीला होता. त्यानं १९३८ मध्ये एलएसडी नावाचं एक रसायन तयार केलं आणि बाजूला ठेवून दिलं. पाच वर्षांनी, १९ एप्रिल १९४३ रोजी, त्यानं ते स्वतःच घेऊन बघितलं. घेतलं किती? एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. तेवढ्यानं गडी गरगरायला लागला. महायुद्धाचे दिवस, मोटारींवर निर्बंध. तेव्हा मदतनिसाला बरोबर घेऊन हा सायकलवरून घरी निघाला. वाटेत समोरचं सगळं दृश्य वेड्यावाकड्या आरशात बघावं तसं हलत होतं, आणि घरी पोचून जरा स्थिरावल्यावर मिटल्या डोळ्यांपुढे रंगांची वर्तुळं, वेटोळी आणि कारंजी सुरू झाली. पुढे जे काही जगभर भिंतींवर, बसवर, गाड्यांवर रंगवलं गेलं, त्याचा कच्चा आराखडा हा असा एका सायकलस्वाराच्या डोक्यात निघाला.

'सायकेडेलिक' हा शब्द मागाहून आला. १९५६ साली हम्फ्री ऑस्मंड या डॉक्टरानं आल्डस हक्सलीला लिहिलेल्या पत्रात तो घडवला. ग्रीक शब्दांची जोडणी आहे. अर्थ साधारण 'मन उघड करून दाखवणारं'. आमच्या पिढीला मन उघड न करण्याचं शिक्षण मिळालेलं असल्यामुळे शब्द आमच्यापर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली. त्या औषधाची कथा मात्र पुढे चांगली नाही. बऱ्याच तरुण डोक्यांचं त्यानं मातेरं केलं. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर १९६६ पासून ते कायद्यानं बंद झालं. औषध बंद झालं आणि रंग तेवढे उरले.

हे रंग वाहनांवर चढले ते १९६४ च्या सुमाराला. केन केसी नावाच्या कादंबरीकारानं १९३९ सालची एक जुनी शाळेची बस विकत घेतली आणि मित्रमंडळींनी मिळून ती अंधारातसुद्धा डोळ्यांत खुपेल अशा रंगांनी माखून काढली. बसच्या कपाळावर गाव लिहितात त्या जागी 'आणखी पुढे' अशा अर्थाचा एकच इंग्रजी शब्द लिहिला, आणि तोही चुकीच्या स्पेलिंगनं. हे वाचून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. 'येथे ऊत्तम चाहा मीळेल' ही पाटी लिहिणारे हात जगात सगळीकडे एकच आहेत. पुढच्या वर्षी, म्हणजे १९६५ मध्ये, याच केसीनं ला होंडा इथल्या आपल्या घरी हेल्स एंजल्स या दांडगट मोटरसायकलवाल्यांच्या टोळीला जेवायखायला बोलावलं. कातडी जाकिटं घातलेले काळेकुट्ट लोक आणि हे रंगपंचमीवाले एकाच अंगणात आले. मोटरसायकल आणि सायकेडेलिक यांची सोयरीक जमवणारी बैठक हीच, असं धरायला माझी हरकत नाही.

इथपर्यंत वाचून माझं मत पक्कं होत आलं होतं, की हा सगळा शुद्ध हरपलेल्या माणसांचा उद्योग. मग मला व्हिक्टर मॉस्कोसो भेटला. पुस्तकात. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या नाचगाण्याच्या कार्यक्रमांची जी पोस्टरं १९६६-६७ मध्ये गाजली, त्यातली पुष्कळशी याची. अक्षरं अशी की वाचता वाचता मान अवघडावी. लालाला निळा असा खेटवलेला, की दोघांच्या मधली कड थरथरल्यासारखी दिसावी. आता हा गृहस्थ वेडाच्या भरात रंग फेकणारा असेल, असं कुणालाही वाटेल. तर तो येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्स या रंगशास्त्राच्या महागुरूपाशी शिकलेला! परस्परविरोधी दोन रंग सारख्याच उजेडाचे घेऊन शेजारी ठेवले की डोळ्याला कुठे टेकावं ते कळत नाही आणि कड नाचायला लागते, हे त्याला अभ्यासानं ठाऊक होतं. दुसरा पोस्टरवाला वेस विल्सन. त्याची ती वितळलेली अक्षरं म्हणजे व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेल्या अक्षरांचा वळसा. थोडक्यात, बघणाऱ्याची शुद्ध हरपावी म्हणून काढणारा ठार शुद्धीवर लागतो.

मग मी खास मोटरसायकलींकडे वळलो, तर तिथे याहून कडक शिस्त.

मुळात गाडीला रंग असतो, हीच कल्पना नवी. पूर्वीचे ब्रशनं लावायचे रंग वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. १९२४ च्या सुमाराला अमेरिकेत डुपाँट कंपनीचा ड्युको नावाचा फवाऱ्यानं मारायचा, तासाभरात वाळणारा रंग मोटारींवर आला आणि गाड्या रंगीत झाल्या. आपल्याकडे गॅरेजमधला पोऱ्या आजही गाडीला फवारणी म्हटलं की 'ड्युको मारायचा का?' असं विचारतो, तो शब्द तिथून आलेला आहे. आपण रोज इतिहासाच्या तोंडचे शब्द बोलतो आणि वर हा पोऱ्या अडाणी आहे असं म्हणतो.

पण फवारा आला आणि बारीक रेघ गेली. घोडागाड्यांवर, पहिल्यावहिल्या मोटारी-मोटरसायकलींवर केसाएवढ्या ज्या रेघा हातानं मारत, त्यांचं काम संपलं. ते पुन्हा जिवंत करणारा माणूस म्हणजे केनेथ हॉवर्ड, १९२९ ते १९९२. जग त्याला 'व्हॉन डच' म्हणतं. लॉस एंजलिसमधल्या एका साइनबोर्ड पेंटरचा हा मुलगा! पोरवयात मोटरसायकलच्या दुकानात काम करता करता बापाचे ब्रश घेऊन त्यानं टाक्यांवर रेघा मारायला सुरुवात केली. पुढे त्याचं इतकं नाव झालं, की गिऱ्हाइकानं 'अमुक काढ, तमुक काढ' म्हणायचं नाही. किती वेळ विकत घ्यायचा तेवढं सांगायचं. तासाभराच्या पैशात तासाभराच्या रेघा. काय निघेल ते व्हॉन डच ठरवणार. एरवी स्वभाव तिरसट आणि विचार पुष्कळदा घाणेरडे, असं त्याला ओळखणारेच सांगतात. पण रेघ सरळ. मरेपर्यंत पैशाच्या मागे लागला नाही, आणि मेल्यावर त्याचं नाव टोप्यांवर छापून लोकांनी धो धो पैसा केला.

त्यानंतरचे रंग तर ऐकत राहावेत असे. कॅलिफोर्नियातच जो बेलॉन नावाच्या कारागिरानं गोळीसारखा लाल रंग काढला. आपली लिमलेटची गोळी उन्हात धरल्यावर दिसते ना, तसा. म्हणे पावसात पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा ओल्या रस्त्यावर कसा दिसतो ते बघून त्याला सुचलं. युक्ती अशी, की खाली सोनेरी किंवा चंदेरी रंगाचा हात द्यायचा आणि वर रंगीत पण पारदर्शक लॅकरचे हातावर हात. ऊन वरच्या रंगातून आत जातं, तळच्या सोन्यावर आपटतं आणि परत बाहेर येतं. एक हात कमी-जास्त झाला की छटा बदलली. एका जागी गन अर्धा क्षण जास्त रेंगाळली की डाग पडला. साठच्या दशकात त्यात चमकी आली. धातूच्या पत्र्याची बारीक चुरी, लॅकरात कालवून मारलेली. ती बसल्यावर पृष्ठभाग खरखरीत होतो. मग वर पारदर्शक हात, मग वॉटर पेपर, मग पुन्हा हात, पुन्हा वॉटर पेपर. हे सगळं करून शेवटी दिसायचं काय, तर 'कुणीतरी झिंगून रंग सांडलेला दिसतोय.'

आणि आर्लन नेस! हा सॅन लिअँड्रोचा. सामान हलवण्याचं नि सुतारकाम करणारा माणूस. १९६३ साली बोलिंगच्या खेळात मिळवलेल्या पैशातून ३०० डॉलरला एक जुनी १९४७ ची हार्ली घेतली. (घरात विचारलं होतं का, याची मी चौकशी केली नाही. सगळ्याच गोष्टींचे पुरावे मागू नयेत.) दुसरी गाडी घ्यायला पैसे नाहीत, म्हणून हा तीच गाडी पुन्हा पुन्हा रंगवायचा. दर खेपेला नवा रंग, नवा घाट. लोकांना वाटायचं, याच्याकडे किती गाड्या आहेत! त्यातून लोकांच्या गाड्या रंगवायला आल्या आणि २०१९ मध्ये वारला तेव्हा तो या धंद्यातला भीष्माचार्य होता. हे वाचून मी सौ.ला म्हटलं, "बघ, एकाच वस्तूला पुन्हा पुन्हा रंग देऊन माणूस मोठा होतो." ती भिंतीकडे बघून म्हणाली, "एकदा तरी द्या."

आठ दिवस संपले होते. मी पुतण्याला होकार कळवला. आता प्रश्न, रंगवणार कोण? पुण्यातल्या एका दुकानानं सांगितलेला आकडा ऐकून मी येझदीकडे आदरानं बघायला लागलो. दादानं ती नवी घेतली त्याच्या कितीतरी पट होता तो. मला आठवले एसटी स्टँडामागचे पेंटर.

यांना सांगलीत आम्ही नुसते 'पेंटर' म्हणूनच ओळखतो. सत्तरी ओलांडलेले. एके काळी गावातली निम्मी दुकानं त्यांच्या हातची. निवडणूक आली की भिंतीच्या भिंती यांच्याकडे. ट्रकच्या पाठीमागचं कमळ, घुबड, 'आईचा आशीर्वाद' सगळं यांचं. मग फ्लेक्स आला. रात्रीत छापून सकाळी टांगायचा, वाढदिवस झाला की उतरवून गोठ्यावर घालायचा. पेंटरांचं दुकान आता पानपट्टीएवढं उरलंय. नंबरप्लेटी आणि अधूनमधून एखादी समाधी.

पुतण्यानं त्यांच्यापुढे फोन धरला. पेंटरांनी चष्मा कपाळावर चढवून, फोन डोळ्यांपाशी नेऊन सगळी चित्रं बघितली.

"ही कोयरी," ते म्हणाले. "ही पण कोयरी. ही उलटी कोयरी. ह्यात नवीन काय आहे भाऊ?"

आणि खरंच नवीन नव्हतं. ती वळणदार कोयरी काश्मिरी शालींवरून विलायतेला गेली, स्कॉटलंडमधल्या पेझली गावच्या गिरण्यांनी तिची नक्कल करून तिला गावाचं नाव दिलं, आणि साठच्या दशकात हिप्पींनी ती सदऱ्यांवर, गालिच्यांवर, गाड्यांवर चढवली. १९६८ मध्ये फेंडर कंपनीनं तर कोयऱ्यांचा चिकटकागद गिटारवर डकवून सायकेडेलिक गिटार म्हणून विकली. आपली पोर परदेशी जाऊन नाव बदलून आली की ओळखायला पेंटरांसारखाच माणूस लागतो.

"किती दिवस देणार?" त्यांनी विचारलं. मी चमकलो. व्हॉन डचचा प्रश्न!

"तुम्ही म्हणाल तितके."

"मग एक महिना. पण काढीन ते मी काढीन. आणि हात थोडा हलतो हल्ली, तेव्हा रेघा सकाळच्या पहिल्या दोन तासांत."

कोयऱ्यांच्या पाठीमागे जाळी दिसत होती त्या चित्रांत. ती कशी काढतात ते मी वाचलं होतं, म्हणून ऐटीत सांगितलं: लेसचं कापड टाकीवर ताणून बसवायचं आणि वरून गन मारायची; कापड उचललं की खाली नक्षी. अमेरिकेत लॅरी वॉटसनसारख्या रंगाऱ्यांनी ही गंमत केली होती. पेंटर म्हणाले, "मग आणा लेस."

लेस! आमच्या घरी ती एकाच जागी होती. सौ.च्या रुखवतातला क्रोशाचा रुमाल. एवढी वर्षं तो टीव्हीवर पसरायचा असे. टीव्ही चपटा झाला आणि रुमालाला जागा उरली नाही, तेव्हापासून ट्रंकेत. मी विषय काढल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, ट्रंक उघडली, डांबरगोळ्या झटकल्या आणि म्हणाली, "भाऊजींच्या गाडीसाठी आहे म्हणून. आणि अहो, रंग लागला तर धुऊन आणायचा नाही. तसाच आणायचा."

चौथ्या दिवशी पेंटरांचा निरोप आला. लगेच या, पोराला घेऊन या.

टाकी बाकावर आडवी ठेवलेली होती. जुना काळा रंग उतरवायचं काम चाललं होतं. डाव्या बाजूला, साधारण तळहाताएवढ्या जागेत, काळ्याखालून केशरी दिसत होतं. केशरीच्या कडेला जांभळं. पेंटर वॉटर पेपर पाण्यात बुडवून बोटाच्या पेराएवढ्या गोल फिरकीनं घासत होते, मधेच थिनरचा बोळा टिपत होते. दोन तासांत पाच पाकळ्या उघड्या झाल्या. मधोमध एक डोळा. पापण्यांसकट.

"हे कुणाचं?" पुतण्यानं विचारलं.

"माझं," पेंटर म्हणाले. "८१ सालचं. तुमच्या वडिलांनी काढून घेतलं होतं."

मी त्या वर्षी नोकरीवर परभणीला होतो, त्यामुळे हे प्रकरण मला नवीन होतं. घडलं ते असं. दादा दिवाळीनंतर आंबोलीच्या घाटानं एकटाच येझदीवरून गोव्याला गेला होता. साठच्या दशकाच्या अखेरीपासून परदेशी हिप्प्यांनी तिकडचे किनारे धरलेले होते, आणि हणजूणला बुधवारचा त्यांचा बाजार भरायचा. तिथे दादानं कुणाच्या तरी बुलेटच्या टाकीवर हे फूल पाहिलं आणि सिगारेटच्या पाकिटावर वेडंवाकडं उतरवून आणलं. आल्या आल्या गाडी थेट पेंटरांकडे. तिसऱ्या दिवशी फूल तयार. आठ दिवस दादा ते मिरवत गावात हिंडला. नवव्या दिवशी अण्णांनी बघितलं.

अण्णा कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांच्या कोटालासुद्धा रंग नव्हता. ते स्वतः गाडी ढकलत, किक मारून नव्हे, ढकलत, पेंटरांच्या दारात घेऊन आले आणि एवढंच म्हणाले, "काळा मारा. आत्ता. मी बसतो." बसले. काम संपेपर्यंत बसले. चाळीस रुपये मोजून दिले आणि गाडी ढकलत घरी नेली. दादा यावर जन्मात कुणाशी बोलला नाही. मुलाशीही नाही, वहिनीशीही नाही.

"पण मग निघालं कसं इतकं स्वच्छ?" मी विचारलं. "रंगावर रंग मारला की खालचा संपतो ना?"

पेंटर जरा ओशाळले. "तुमचे वडील चहा प्यायला कट्ट्यावर गेले, तेवढ्यात मी फुलावर कोपल व्हार्निशचे दोन हात दिले. आणि ते वाळलं नाही म्हणून त्यांना आणखी एक चहा पाजला. मग वरून काळा. झाकायला सांगितलं होतं त्यांनी. पुसा म्हणाले नव्हते."

मला त्या क्षणी जॅनिस जॉप्लिन आठवली. ही साठच्या दशकातली मोठी गायिका. १९६८ मध्ये तिनं एक जुनी पोर्शे मोटार घेतली आणि डेव्ह रिचर्ड्स या आपल्या मदतनिसाला ५०० डॉलर देऊन ती नखशिखांत रंगवून घेतली. पुढच्या वर्षी मोटार चोरीला गेली. चोरानं ओळखू येऊ नये म्हणून वरून करडा रंग फवारला. पण रिचर्ड्सनं आपल्या चित्रावर आधीच पारदर्शक हात दिलेला होता. करडा रंग खरवडून निघाला आणि चित्र वाचलं. १९७० मध्ये ती बिचारी सत्ताविसाव्या वर्षी गेली. काळाच्या ओघात ते मूळ चित्र राहिलं नाही. नव्वदच्या दशकात घरच्यांनी फोटोंवरून दुसऱ्या कलाकारांकडून ते पुन्हा काढून घेतलं, आणि तीच गाडी २०१५ मध्ये १७ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली. आमचं फूल मात्र मूळचंच होतं. वरची एक पाकळी घासताना थोडी गेली, तेवढीच.

पुतण्या स्टुलावर बसून राहिला होता. तो कॉम्प्युटरवाला पोरगा, एरवी तोंडाला टाळं नसतं. बऱ्याच वेळानं म्हणाला, "याच्यावर काही काढू नका. याच्या भोवतीनं काढा."

महिन्याचे सात आठवडे झाले. तळाला सोनेरी, वर लिमलेटी लाल. उजव्या बाजूला सौ.च्या क्रोशाची जाळी, जाळीत कोयऱ्या. साइडबॉक्सवर वेटोळी, लालाला निळा खेटवून, कड नाचेल अशी. मॉस्कोसोचं नाव मी पेंटरांपुढे घेतलं नाही. त्यांनी ते बाजारात मिरची आणि वांगी शेजारी ठेवलेली बघून शिकलेलं होतं. मडगार्ड आणि चॅसी काळीच ठेवली. "वडिलांनी पैसे दिलेत त्याचे," पेंटर म्हणाले.

रंग बदलला की त्याची नोंद पुस्तकात करून घ्यावी लागते, म्हणून आम्ही कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी रकाना उघडला. "रंग?"

मी पुतण्याकडे बघितलं. पुतण्यानं खिडकीबाहेर बोट केलं. बाईंनी उठून बाहेर डोकावलं. मागचे चौघेजणही डोकावले. एक साहेब आतून आले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टाकीतल्या डोळ्याकडे थोडा वेळ बघत राहिले आणि आत जाऊन म्हणाले, "लाल लिहा. उरलेल्याला रकाना नाही."

संध्याकाळी पेंटरांचा हिशेब करायला गेलो. पुतण्याची इच्छा होती, की त्यांनी टाकीवर कुठेतरी आपलं नाव घालावं. त्यानं त्यांना 'ईझी रायडर' सिनेमाची हकिगत सांगितली. १९६९ चा सिनेमा. त्यातली ती अमेरिकेच्या झेंड्याची टाकी असलेली मोटरसायकल म्हणजे जगातली सगळ्यात प्रसिद्ध. पोलिसांच्या लिलावातल्या जुन्या हार्ली घेऊन त्या गाड्या घडवल्या क्लिफ वॉन आणि बेन हार्डी या दोघा कृष्णवर्णीय कारागिरांनी, आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत दोघांचंही नाव नव्हतं. कित्येक दशकं कुणाला ठाऊकच नव्हतं. गाड्यांपैकी तीन चोरीला गेल्या. त्यातलीच उरलेली म्हणून २०१४ मध्ये एकीवर साडेतेरा लाख डॉलरची बोली झाली आणि ती तरी अस्सल की नक्कल, यावर भांडण.

"म्हणून म्हणतो, नाव घाला," पुतण्या म्हणाला.

पेंटर ब्रश धूत होते. खारीच्या केसांचा, वर्षानुवर्षं झिजून सुईसारखा झालेला. "जन्मभर दुसऱ्यांचीच नावं लिहिली रे पोरा. आपलं लिहायला घेतलं की र्‍हस्व-दीर्घात गडबडायला होतं." आणि हसले. मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या फुलाचे पंधरा रुपये मात्र यायचे राहिलेत. आजोबांनी काळ्याचे दिले. फुलाचे कोण देणार म्हणून मी मागितले नाहीत, आणि ते लाजेनं इकडे फिरकले नाहीत."

पुतण्यानं खिसे चाचपले. हल्लीच्या पोरांच्या खिशात पैसे नसतात, फोन असतो. दहाची एक नोट त्याला सापडली. पाचचं नाणं मी दिलं.

पेंटरांनी ते उजेडात धरून बघितलं, गल्ल्यात टाकलं, आणि गल्ल्याखालची एक जुनी वही काढून, थुंकी लावून पानं उलटत, कुठली तरी एक ओळ शोधायला लागले.